'पैलवान आली' की 'पैलवानीण आली'?

खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या गावच्या यात्रेच्या मैदानात अलीकडे मुलींच्याही कुस्त्या लागतात, पण निवेदक एकाच मुलीला कधी 'महिला पैलवान', कधी 'पैलवानीण', तर कधी 'कुस्तीपटू' म्हणतो; यांपैकी योग्य रूप कोणते? त्याला जोडून त्यांची दुसरी शंका अशी की, घरातील मुले टीव्हीवर जी अमेरिकी कुस्ती पाहतात तिच्यातील स्त्रियांना पूर्वी 'दिवा' म्हणत, ते आता का म्हणत नाहीत? या दोन्ही शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट असल्याने उत्तरही एकत्रच देतो.

माझ्या मते योग्य रूप 'पैलवान आली' हे आहे. नामाला हात लावू नये. लिंग सांगण्याचे काम क्रियापदावर सोपवावे. 'डॉक्टर आली', 'कलेक्टर आली', 'मंत्री आल्या' ही वाक्ये आपण बिनदिक्कत बोलतो. मग पैलवानालाच वेगळा नियम कशासाठी?

'पैलवान' हा शब्द फारसीतून आला. संस्कृत ग्रंथ ज्यांना 'पह्लव' म्हणतात त्या प्राचीन इराणी लोकांच्या नावाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि फारसीत त्याचा मूळ अर्थ कुस्ती खेळणारा एवढाच नसून वीर, योद्धा असा आहे. म्हणजे त्याच्या शेवटी दिसणारा 'वान' हा 'धनवान'मधला 'वान' नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'धनवान'चे 'धनवती' होते, तर 'पैलवान'चे 'पैलवती' का करू नये, असे मला एकदा गंभीरपणे विचारण्यात आले होते. कानाला ते गोड लागते, पण व्युत्पत्तीचा त्याला काहीच आधार नाही. 'कुस्तीगीर' हाही फारसी घडणीचाच शब्द असून त्यातील 'गीर' स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. 'कुस्तीपटू' हा वर्तमानपत्रांचा लाडका शब्द. तो चुकीचा नाही, परंतु तालमीतल्या माणसाच्या तोंडी तो मी क्वचितच ऐकला आहे.

आता 'पैलवानीण' या रूपाकडे वळू. मराठीत '-ईण' हा प्रत्यय दोन कामे करीत आला आहे. माळीण, कोळीण, तेलीण या शब्दांत जात, व्यवसाय आणि नवऱ्याचे नाते हे सारे एकमेकांत मिसळलेले आहे; पाटलीण, कुळकर्णीण, वकिलीण या शब्दांत मात्र केवळ नवऱ्याचे पद बायकोकडे आलेले दिसते, कारण वकिलीणबाईंनी कोर्टाची पायरी चढलेली असणे मुळीच आवश्यक नव्हते. 'मास्तरीण' आणि 'डॉक्टरीण' या शब्दांनी हा अर्थ बदलून दाखवला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे: शाळेत शिकवणाऱ्या आणि दवाखाना चालवणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर आल्या, तसा प्रत्ययाचा अर्थ पत्नीवरून व्यावसायिकेकडे सरकला. तसेच 'पैलवानीण'चेही होईल, असा युक्तिवाद करता येतो. परंतु 'पैलवानीण' हा शब्द आपल्याकडे आधीच वापरात आहे आणि तो थट्टेचा आहे; अंगाने भरलेल्या किंवा दांडगट मुलीला चिडवण्यासाठी तो वापरतात. तालमीत पहाटे जोर-बैठका मारून जिने आपले अंग कमावले, तिच्या नावामागे हाच शब्द लावणे मला प्रशस्त वाटत नाही.

आपल्या सीमाभागाला या बाबतीत एक सोय उपजतच लाभली आहे. कोल्हापूर आणि बेळगावकडच्या अनेक स्त्रिया स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असेच म्हणतात, आणि पुण्याकडचा पाहुणा ते ऐकून गोंधळतो. त्यामुळे एखादी मुलगी 'मी कुस्ती खेळतो' म्हणाली, तर इकडच्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. शेजारची कन्नडही याच वाटेने जाते. तिथे 'कुस्तिपटु' हे नाम बदलत नाही. तो आला तर 'बंद', ती आली तर 'बंदळु', आणि आदराने बोलायचे झाल्यास दोघांनाही 'बंदरु'. आपल्या आदरार्थी बहुवचनात 'आले' आणि 'आल्या' हा भेद उरतोच, कन्नडमध्ये तोही मिटतो. कुस्तीच्या शब्दांची देवघेव या दोन भाषांत पूर्वीपासून आहे: कन्नडमधील 'जट्टी' आणि जुन्या मराठीतील 'जेठी' हे एकाच कुळातले शब्द असून दोन्हींचा अर्थ मल्ल असाच आहे. या 'जेठी'चे स्त्रीलिंगी रूप माझ्या वाचनात कधीच आलेले नाही, कारण तालमीची तांबडी माती, तिथला मारुती आणि ब्रह्मचर्याचा दंडक या साऱ्यांत स्त्रीला जागाच नव्हती. जी व्यक्ती आत येणार नाही तिच्यासाठी भाषा शब्द कशाला घडवील?

अपवाद झाला, तेव्हा भाषेची तारांबळ उडाली. हमीदा बानू यांनी 1954 मध्ये 'मला कुस्तीत हरवील त्याच्याशी लग्न करीन' असे आव्हान दिले होते, आणि त्याच वर्षी बडोद्यात बाबा पैलवानाला त्यांनी 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'अलीगढची अ‍ॅमेझॉन' असे नाव दिले. म्हणजे बाईला पैलवान म्हणण्यापेक्षा ग्रीक पुराणातल्या लढवय्या स्त्रियांपर्यंत जाणे त्यांना सोपे वाटले. कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरवल्यावर तर लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले. पुढे त्यांच्या कुस्त्यांना बंदी झाली, तेव्हा त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यावर, बंदी बाई म्हणून नसून आयोजक खोटे प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे आहे, असे उत्तर मिळाले. आपल्या मैदानात ज्याला 'नुरा कुस्ती' म्हणतात, त्याचाच हा आरोप होता.

आता टीव्हीवरची कुस्ती. ती तर उघडउघड ठरवूनच केलेली असते, म्हणून तिथे कोण जिंकले यापेक्षा कोणाला किती वेळ दिला आणि काय नाव दिले, यावरूनच दर्जा कळतो. 'दिवा' हा लॅटिन शब्द. अर्थ देवी, आणि आपल्या 'देवी'शी त्याचे मूळचे नातेही आहे. आपला देव्हाऱ्यातला 'दिवा' मात्र 'दीप'पासून आलेला, त्यामुळे या दोघांचे थेट नाते नाही. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीने आपल्या स्त्री-कुस्तीगिरांना 'दिवा' म्हणायला सुरुवात केली 1999 च्या सुमारास, आणि 2008 मध्ये त्यांच्यासाठी 'दिवा'च्याच नावाचा, फुलपाखराच्या आकाराचा विजेतेपदाचा पट्टा काढला. पुरुषांना 'सुपरस्टार' आणि स्त्रियांना 'दिवा' हा भेद नुसता शब्दांचा नव्हता, कारण या देवींच्या वाट्याला वेळही तितकाच कमी येई. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांची एक लढत सुमारे 30 सेकंदांत उरकली, तेव्हा प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर एवढा गदारोळ केला की कंपनीला त्याची दखल घ्यावी लागली. एप्रिल 2016 मध्ये 'दिवा' हे नाव रद्द झाले, नवा पट्टा आला आणि स्त्रियाही 'सुपरस्टार' म्हणवल्या जाऊ लागल्या. 2017 मध्ये हरियाणाच्या कविता देवी सलवार-कमीज घालून त्याच कंपनीच्या रिंगणात उतरल्या. एप्रिल 2019 मध्ये कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक सोहळ्याची शेवटची, म्हणजे मानाची लढत प्रथमच स्त्रियांची झाली. ती जिंकणाऱ्या बेकी लिंच यांनी स्वतःसाठी घेतलेले बिरुद होते 'द मॅन', म्हणजे सरळ 'पुरुष'. इंग्रजीभाषक त्याने चकित झाले. 'मी येतो' म्हणणाऱ्या आमच्या बेळगावकडच्या मुलींना त्यात विशेष काही वाटण्याचे कारण नाही.

जाता जाता आणखी एक गंमत. जपानमध्ये स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीची परंपरा बरीच जुनी असून तिला 'जोशी पुरोरेसु' म्हणतात. त्यातील 'जोशी'चा आपल्या आडनावाशी काही संबंध नाही. जपानीत त्याचा अर्थ मुली किंवा स्त्रिया असा होतो.

तेव्हा निवेदकाने काय म्हणावे? 'महिला' हे विशेषण स्पर्धेला, गटाला किंवा किताबाला लावावे, व्यक्तीला लावू नये. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी तो किताब मिळवला. तिथे 'महिला' हा शब्द स्पर्धा कोणती ते सांगतो, आणि तो आवश्यकही आहे. 'केसरी'चे 'केसरीण' कोणी केले नाही, हे बरेच झाले. एकदा गट सांगितला की पुढे प्रत्येक नावाआधी 'महिला पैलवान' म्हणत राहणे अनावश्यक आहे, कारण मुलांच्या कुस्त्यांत 'पुरुष पैलवान अमुक' असे कोणी पुकारत नाही.

वाचकांनी सोबत पाठवलेल्या हस्तपत्रिकेत मला याहून मोठी अडचण दिसली. तिच्यात मुलांच्या नावाआधी 'पै.' आहे, तर मुलींच्या नावाआधी 'कु.'. 'पै.' हा पैलवानाचा संक्षेप कमाई सांगतो आणि तो उभयलिंगी आहे, म्हणून मुलींच्या नावाआधीही तोच छापावा. 'कु.' तर कुमार आणि कुमारी या दोन्हींचा संक्षेप असल्याने लिंगसुद्धा सांगत नाही; लग्न झालेले नाही एवढेच सांगतो, आणि जोड लावणाऱ्या पंचांना ती माहिती कुठेच उपयोगी पडत नाही. त्यांना वजन लागते, आणि नेमके तेच त्या पत्रिकेत छापलेले नाही.