पाळणाघरात डांग्या खोकला निघाला, तर सगळ्या मुलांना अझिथ्रोमायसिन द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दादरच्या पाळणाघरात एका मुलाला डांग्या खोकला निघाला, तिथल्या ताई पंधराही मुलांना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक द्या म्हणतात, आणि तुमच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे.

लालबागला माझा दवाखाना आहे. तुमच्या घरी द्यावं, आणि आजच डॉक्टरांना गाठावं. बाकीच्यांचं सांगण्याआधी मी विचारेन: त्या मुलाच्या नाकातल्या स्वॅबची पीसीआर, म्हणजे जंतू ओळखणारी तपासणी, झालीय का? पावसाळ्यात पाळणाघरात फिरणारा खोकला बहुतेकदा व्हायरसचा. त्याला या गोळ्यांनी काही होत नाही, जुलाब तेवढे होतात.

डॉक्टरांनी सांगितलं, की तुमच्या घरातल्या सगळ्यांनी एकदमच सुरू करा, लस झालेल्यांनीसुद्धा, कारण या लसीचा जोर काही वर्षांत ओसरतो. प्रतिबंधाचा डोस उपचाराइतकाच: मोठ्यांना पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, पुढे चार दिवस २५०, मुलांना वजनावर. मेडिकलवाला सवयीने ५००च्या तीन गोळ्यांची पट्टी देतो, तो हा कोर्स नव्हे. कुणाला हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. संपर्काला २१ दिवस उलटून गेले असतील तर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही.

बाळाचे पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे डांग्या खोकल्याविरुद्धही असलेल्या लसीचे, तीन डोस (६, १०, १४ आठवडे) अजून पुरे झालेले नाहीत. इतक्या लहानग्याला खोकल्याच्या उबळीनंतर श्वास ओढताना होणारा तो ओळखीचा ‘हूप’ आवाज येईलच असं नाही. श्वासच मध्ये थांबतो, ओठ निळे पडतात. तसं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.

माझ्याकडे चाळीतलं असंच एक बाळ आलं होतं. आम्ही आजारी मूल शोधत बसलो, आणि खोकत होते आजोबा, तीन आठवडे, रात्री उलटी होईपर्यंत. ‘मिलमधली जुनी धूळ आहे हो,’ म्हणायचे. मीच त्यांना दोनदा नुसतं कफ सिरप दिलं होतं.

निदान पक्कं असेल, तर बाकी मुलांपैकी ज्यांच्या घरी तान्हं बाळ किंवा शेवटच्या तिमाहीतली गरोदर बाई आहे, ज्यांना दमा आहे, त्यांनाही द्यावं. इतरांवर २१ दिवस लक्ष ठेवा. खोकला दिसला की लगेच दाखवा. आजारी मुलाने पाच दिवसांचा कोर्स संपेपर्यंत घरीच राहावं. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही कळवा.

आणि त्या ताईंना स्वतःला खोकला आहे का, ते विचारा.