जेवणानंतर २३०? आधी वेळ बघा

खानापूरच्या ताई, रक्तातली साखर उपाशीपोटी ११८ आणि जेवल्यावर २३०, आता इन्सुलिन लागणार काय म्हणून विचारलंय तुम्ही. २३० जास्तच आहे, पण रक्त जेवणानंतर किती वेळानं घेतलं ते कुठंच लिहिलेलं नाही, आणि माझा सगळा घोळ तिथंच झालेला.

जेवणानंतरची साखर दोन तासांनी बघतात, आणि ते दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. भात-आमटी खाल्ली की तासाभराच्या आसपास साखर सगळ्यात वर असते, तेव्हा सुई मारली तर आकडा मोठाच येणार की ओ. आमच्याकडच्या एका लॅबमध्ये (नाव घेत नाही) रक्त घेणाऱ्या पोराला जायची घाई, म्हणून मला पाऊण तासातच आत घेतलं, अजून वेळ हाय म्हटलं तर "चालतंय ओ". रिपोर्टवर मात्र ऐटीत पीपी (म्हणजे जेवणानंतरची साखर) छापलं. डॉक्टरांनी तो आकडा बघून ग्लिमेपिराइड ही साखर उतरवायची गोळी वाढवली, आणि मग दुपारी जेवायला जरा उशीर झाला की घाम, हात थरथर, एकदा मशीनवर साखर ६२, म्हणजे फारच कमी. लगेच साखरेचं पाणी प्यालो म्हणून निभावलं. वेळ लिहून द्या म्हणून लॅबमध्ये गेलो तर कॉम्प्युटरमध्ये तसला कॉलमच नाही म्हणे. बिलात पैशाचा कॉलम बरा असतो!

म्हणून पहिल्या घासाची वेळ स्वतःच पेनानं रिपोर्टवर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. शुगर असलेल्या बहुतेकांना जेवणानंतर १८० च्या आत ठेवा सांगतात, वय, गरोदरपण बघून ते बदलतं, मी काय डॉक्टर नव्हे. एका आकड्यावर गोळी वाढवू नका, बंदही करू नका. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करून घ्या, दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज येतो.

आणखी एक, ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते हे डोक्यातून काढा. तीन भाकऱ्या आणि वर भात म्हटल्यावर साखर चढणारच, गुळाचं पण तेच. मी आधी भाजी-उसळ संपवतो, मग एक भाकरी, वाटीभर भात, आणि पंधरा मिनिटं चालून येतो, मला तरी फरक पडला.

घरी मशीन असेल तर कुंदा (आपली खव्याची मिठाई) नाहीतर फळ खाल्लेल्या हातानं टेस्ट करू नका, बोटाला गोड लागलेलं असलं की आकडा उगाच फुगतो. साबणानं धुवून पूर्ण कोरडं करा. आणि स्ट्रिपची डबी लगेच गच्च बंद करा, तुमच्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेनं स्ट्रिपा खराब होतात.