काचेवरचा बर्फ: स्नो स्प्रे आणि स्टेन्सिलबद्दल वाचकांचे प्रश्न

नाताळच्या सजावटीबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीच या वेळी खिडक्यांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

वाढदिवसाच्या सामानाच्या दुकानातून स्नो स्प्रे आणला. मारला तेव्हा पांढराशुभ्र दिसला, पण येशूजन्माचा गोठा मांडून होईपर्यंत सगळा ओघळला आणि काचेवर डाग राहिले. काय चुकलं? (वसई)

तुमचा हात चुकला नाही, डबा चुकला. आपल्या बाजारात स्नो स्प्रे या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. वाढदिवसाला अंगावर उडवतात तो निव्वळ फेस असतो. बुडबुडे फुटले की तो बसतो आणि पाणी खाली येतं. कपड्यांवरून लगेच जावा म्हणूनच तो तसा बनवलेला असतो, त्यामुळे तो काचेवर टिकणार नाही. खिडकीच्या स्प्रेमध्ये मेणासारखा किंवा राळेसारखा घन पदार्थ द्रावकात मिसळलेला असतो. द्रावक उडून जातो आणि पांढरे कण काचेला धरून राहतात.

घेताना डबा नीट वाचा. 'पार्टी' किंवा 'फोम' लिहिलं असेल तर तो ठेवून द्या. खिडकी, आरसा किंवा ख्रिसमस ट्रीसाठी असल्याचा उल्लेख असेल तर घ्या. तरीही शंका असेल तर एखाद्या जुन्या बरणीवर छोटा फवारा मारा आणि दहा मिनिटांनी बोट फिरवा. बोटाला कोरडी पूड लागली तर तो खिडकीचा. थर बसून ओला झाला असेल तर तो वाढदिवसासाठी राहू द्या.

स्टेन्सिल चिकटवून फवारलं तरी नक्षीच्या कडा फुटतात. हिमकणाच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. (पुणे)

कारणं तीन असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम हजर असतात: स्टेन्सिल काचेला पूर्ण टेकलेलं नसतं, फवारा जवळून आणि तिरका मारलेला असतो, आणि एकाच वेळी जाड थर दिलेला असतो.

काचेपासून सुरुवात करा. साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडी करून, शेवटी फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन हात फिरवा. चकाकी देणारं क्लीनर या कामाआधी वापरू नका. त्याचा पातळ थर राहिला तर बर्फ पापुद्र्यासारखा सुटतो. चौकटीवर, रबरी पट्टीवर आणि स्लायडिंगच्या ट्रॅकवर मास्किंग टेप लावा, खाली वर्तमानपत्र पसरा. मच्छरजाळी सरकवून बाजूला घ्या, कारण जाळीच्या भोकांत बसलेला बर्फ काढणं फार जिकिरीचं असतं. खिडकीला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट शीट असेल तर स्प्रे वापरूच नका. द्रावकाने त्यावर बारीक तडे जाऊ शकतात आणि ते पुसून जात नाहीत. उन्हासाठी काचेवर फिल्म लावलेली असेल तर आधी एका कोपऱ्यात थोडं मारून पाहा.

स्टेन्सिलला साधा कागद नको. पहिल्याच फवाऱ्यात तो भिजतो आणि कडा वर येतात. ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट) किंवा पारदर्शक फाइलचं कव्हर चांगलं. चारही बाजूंना मास्किंग टेप लावाच, पण नक्षीच्या मधल्या बारीक टोकांकडेही लक्ष द्या, फवारा तिथूनच आत शिरतो. तिथे मास्किंग टेपची उलटी गुंडाळी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, छोटे तुकडे मागून लावा.

डबा मिनिटभर हलवा. काचेपासून २० ते ३० सेंमी अंतर ठेवा आणि डबा सरळ, तोंड काचेच्या समोर धरा. फवारा स्टेन्सिलच्या बाहेर सुरू करा, नक्षीवरून हात न थांबवता न्या आणि पलीकडे बाहेरच सोडा. बटण दाबताना आणि सोडताना मोठे थेंब पडतात, ते नक्षीवर पडता कामा नयेत. असे दोन किंवा तीन पातळ हात द्या, मध्ये मिनिटभर थांबा. सलग दाबून ठेवलं तर वायू बाहेर पडताना डबा गार होतो, दाब उतरतो आणि बारीक फवाऱ्याऐवजी ओले गोळे यायला लागतात. असं झालं तर काही मिनिटं थांबा. डबा गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ ठेवण्याचा मोह टाळा, तो फुटू शकतो.

शेवटचा हात दिल्यावर ओली चमक गेली की स्टेन्सिल काचेपासून सरळ समोर ओढून काढा. वर किंवा बाजूला सरकवू नका. थर पुरता कडक होईपर्यंत थांबलात तर कडेचा बर्फ स्टेन्सिलबरोबर उचलला जातो. दुसरीकडे लावण्याआधी त्याची मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. उरलेली खरखर थर सुकल्यावर कानात घालायच्या कापूसकाडीने साफ होते. कडा अगदी रेखीव हवी असेल तर टूथपिक वापरा.

मुलीला खिडकीवर मराठीत 'नाताळ' लिहायचं आहे. बाजारात फक्त इंग्रजी अक्षरांची स्टेन्सिलं मिळतात. घरी कापली तर फाटतात. (ठाणे)

देवनागरीत अडचण शिरोरेषेची आहे. ती सलग कापली की स्टेन्सिलमध्ये लांब फट पडते आणि दोन अक्षरांमधला भाग फक्त खालून धरलेला राहतो. फवाऱ्याच्या जोराने तो हलतो आणि आत बर्फ शिरतो. शिवाय व, ब, ष, ळ यांच्या पोटातले तुकडे सुटून पडतात. त्यांना धरायला किमान ३ मिमी रुंदीचे पूल ठेवावे लागतात आणि शिरोरेषाही प्रत्येक अक्षरापाशी तोडावी लागते. वाचता येतं, पण अक्षर तुटक दिसतं.

त्यापेक्षा उलटं करा. मागे चिकट असलेला प्लास्टिक कागद घ्या, त्यात 'नाताळ' हा शब्दच कापा आणि तो काचेवर चिकटवून भोवती बर्फ फवारा. इथे तीच शिरोरेषा कामाला येते: सगळा शब्द ती एका तुकड्यात धरून ठेवते. 'ना'पासून 'ळ'पर्यंत उचलून लावायचा आणि नंतर एका टोकाने सोलून काढायचा. ळच्या पोटातली भोकं उघडीच ठेवा, त्यांतून बर्फ पडेल. 'नाताळच्या शुभेच्छा' लिहायचं असेल तर उकार आणि मात्रा अक्षराला जोडलेल्याच असतात. सुटं पडतं ते फक्त अनुस्वाराचं टिंब, आणि या शब्दांत ते नाही. अक्षराची उंची ८ सेंमीपेक्षा कमी नको, रेघ १ सेंमीच्या आसपास ठेवा. मजकूर रस्त्यावरून वाचायचा असेल आणि तुम्ही आतून फवारणार असाल तर कागद आरशातल्यासारखा उलटा कापावा लागेल. कापण्याआधी हे एकदा खिडकीला धरून बघा. कटर मोठ्यांच्या हातात आणि आखणी मुलीकडे.

दिवसा घरातून पाहिलं तर बर्फ मळकट करडा दिसतो. स्प्रे हलका आहे का? (पणजी)

नाही, उजेडाची बाजू तशी आहे. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, त्यामुळे आतून पाहताना थराच्या मागून प्रकाश येतो आणि जाड भाग काळपट वाटतो. बाहेरून तीच नक्षी पांढरी दिसते, कारण मागे खोलीचा अंधार असतो. रात्री आत दिवे लागले की हे उलटतं: आतून पांढरी, बाहेरून सावलीसारखी. आम्ही दिवसासाठी भोवती बर्फ आणि मधे मोकळी काच असा उलटा स्टेन्सिलच सुचवू. मोकळ्या नक्षीतून आकाश दिसतं आणि तीच उजळून येते. थर पातळ ठेवलात तर खिडकीत लावलेल्या ताऱ्याचा उजेडही त्यातून सुंदर पसरतो. जाड थर तो अडवतो.

आम्ही म्युनिकमध्ये भाड्याच्या घरात राहतो. सकाळी काचेवर आतून पाणी साचतं आणि बर्फाची खालची कड वाहून जाते. (जर्मनी)

स्वयंपाकाची वाफ आणि श्वासातला दमटपणा गार काचेवर जमतो. चौकटीजवळचा भाग सर्वांत गार असल्याने पाणी तिथे आधी साचतं. खालची १० सेंमी काच मोकळी सोडा आणि बर्फाची रास त्याच्या वरच्या भागात काढा. फवारण्याआधी खोली गरम करून, काही मिनिटं खिडकी पूर्ण उघडून हवा बदला, मगच काच पुसा. थर बाहेरच्या बाजूला देऊ नका, पावसात टिकणार नाही. डबाही खोलीच्या तापमानाला आलेला हवा, गार डब्यात दाब कमी असतो.

मुंबईत एसी लावणाऱ्यांना हेच उलट्या बाजूने दिसतं. तिथे पाणी काचेच्या बाहेर जमतं, त्यामुळे आतला बर्फ शाबूत राहतो.

परदेशातून येणाऱ्या बहिणीला डबा आणायला सांगू का? (पुणे)

नको. हे डबे ज्वलनशील असतात आणि अंगाला लावायच्या वस्तूंत मोडत नाहीत. विमानात ते केबिनमध्येही चालत नाहीत आणि चेक-इन सामानातही नाही. स्टेन्सिलं मात्र खुशाल मागवा.

घरात दम्याचा पेशंट आहे. स्प्रेशिवाय काही? (मुंबई)

मग स्प्रे टाळाच. धाप नसलेल्या घरातसुद्धा फवारताना खिडकी उघडी, पंखा बंद आणि समई, मेणबत्ती, उदबत्ती, गॅस सगळं विझलेलं हवं. पिंजऱ्यातले पक्षी दुसऱ्या खोलीत न्यावेत, फिशटँक झाकावा.

तुमच्यासाठी दोन उपाय आहेत. खडूची बारीक पूड पाण्यात कालवून दह्याइतकी दाट करा, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला. स्पंजचा तुकडा त्यात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळा आणि स्टेन्सिलवर टिपत जा, घासू नका. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्लास वॅक्स नावाचं गुलाबी काचक्लीनर ख्रिसमसच्या स्टेन्सिलवर असंच स्पंजने टिपत. ते वाळून पांढरं होई आणि सण झाला की पुसताना काचही स्वच्छ होई.

दुसरा उपाय एप्सम सॉल्टचा. अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धी वाटी सॉल्ट ढवळून विरघळवा, लिक्विडचे दोन थेंब टाका आणि ब्रशने काचेवर लावा. पाणी उडालं की सुयांसारखे स्फटिक उमटतात. यात स्टेन्सिल चालत नाही, पाणी खाली शिरतं. कोपऱ्यांतल्या दंवासाठी मात्र याच्याइतकं खरं काहीच दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर ओघळ गेला तर लगेच पुसा.

काढताना सगळीकडे पांढरा चिखल होतो. (नाशिक)

आधी पाणी लावता म्हणून. थर कोरडा असतानाच जुन्या एटीएम कार्डाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने वरून खाली खरवडा, खाली कागद ठेवा, ट्रॅकमधली पूड ब्रशने किंवा व्हॅक्युमने उचला. मग कोमट साबणपाणी, आणि शेवटी स्पिरिटचा हात. हा शेवटचा हात राहिला तर काचेवर वाफ आली की जुनी नक्षी पुन्हा उमटते. फिल्म लावलेल्या काचेवर ब्लेड चालवू नका. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायला हरकत नाही. पश्चिमेच्या, उन्हं येणाऱ्या खिडकीवरचा बर्फ मात्र त्याआधीच काढा, तापून तो काचेला घट्ट बसतो.