टूल शिकू की मास्टर्स करू? इन्स्ट्रक्शनल डिझाईनबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा व्हिडिओ, क्विझ सगळं स्वतःच शिकून केलं आणि त्यात मन रमलं. आता इन्स्ट्रक्शनल डिझाईन आणि लर्निंग टेक्नॉलॉजीमध्ये, म्हणजे कोर्स कसे आखायचे आणि त्यात तंत्रज्ञान कसं वापरायचं यात, मास्टर्स करावंसं वाटतंय. पण ओळखीतले म्हणतात स्टोरीलाईन आणि कॅप्टिवेट ही ऑनलाइन कोर्स बनवायची सॉफ्टवेअर तीन महिन्यांत शीक, पोर्टफोलिओ बनव, दोन वर्षं कशाला घालवतेस. काय करू?

उत्तर : ते अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत. टूल्स खरंच तीन महिन्यांत येतात, आणि फक्त टूल्ससाठी मास्टर्स करणार असाल तर नका करू. मी या कामात आले तेव्हा आम्ही सगळे फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर जीव टाकायचो, एकेका ॲनिमेशनसाठी रात्री जागायचो, आणि २०२० संपताना फ्लॅशच बंद झालं, कितीतरी कोर्स उघडेनासे झाले. त्याच काळात शिकलेलं ब्लूमचं वर्गीकरण, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पायऱ्या, मात्र १९५६ चं, २००१ मध्ये सुधारलेलं, आणि उद्दिष्टं लिहिताना मी ते आजही वापरते.

मग डिग्रीतून काय मिळतं? मागे एका संस्थेकडून काम आलं, आमचे लोक फॉर्म चुकीचा भरतात, चाळीस मिनिटांचा कोर्स बनवून द्या. नवीन असते तर लगेच स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा स्क्रीनगणिक आराखडा, लिहायला घेतला असता. पण मी चार जणांच्या शेजारी बसून त्यांना फॉर्म भरताना बघितलं तर सगळे एकाच रकान्यापाशी अडत होते, तारीख कसली टाकायची, अर्जाची की घटनेची, हेच तिथे लिहिलेलं नव्हतं. एक ओळ बदलली आणि कोर्सची गरजच उरली नाही. कोर्स बनवायच्या पायऱ्या सांगणाऱ्या ॲडी मॉडेलमधली ॲनालिसिस ही पहिली पायरी म्हणजे हेच, पुढे डिझाईन, डेव्हलपमेंट, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. (१९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्यासाठी जी पद्धत तयार झाली त्यातून हे मॉडेल आलं.) घाई असली की सगळ्यात आधी ही पहिली पायरी गाळली जाते, मग शेवटची. आणि टूलचे छोटे कोर्स बहुतेक वेळा फक्त मधलं डेव्हलपमेंट शिकवतात.

दुसरं म्हणजे पुरावा मागायची सवय लागते. १९८३ मध्ये शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी मांडलं की माध्यम म्हणजे नुसता माल पोचवणारा ट्रक, किराणा ट्रकमधून आला म्हणून आपलं पोषण सुधारत नाही तसंच धडा व्हिडिओवर आला म्हणून शिकणं सुधारत नाही, सुधारतं ते शिकवायच्या पद्धतीमुळे. त्यावर रॉबर्ट कोझ्मा यांचं म्हणणं असं की एखाद्या माध्यमाला जे जमतं ते दुसऱ्याला जमेलच असं नाही, आणि त्याचा नीट वापर केला तर फरक पडू शकतो. तुम्ही विज्ञान शिकवता तर दोन्ही बाजू तुम्हाला लगेच पटतील. वायूचे रेणू कसे धडकतात हे ॲनिमेशनमध्ये जसं दिसतं तसं फळ्यावर दिसत नाही. पण चित्र चालू आहे, आवाज चालू आहे आणि वर तेच शब्द स्क्रीनवरही टाकलेत, तर मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत शिकणं उलट कमी झालेलं दिसलंय. आपण किती जणांनी असे व्हिडिओ बनवलेत!

आणि तुमच्या त्या क्विझ, त्यांच्यामागेही मोठं काम आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे क्विझ फक्त मार्कांसाठी नसते, तिनेच लक्षात राहतं. हे माहीत असलं की क्विझ कुठे ठेवायची, किती दिवसांनी परत विचारायचं, सगळं बदलतं.

तेव्हा माझं मत, करा. नऊ वर्षं मुलं नेमकी कुठे अडतात ते तुम्ही समोर बघितलंय, ते कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही. प्रोग्रॅमच्या नावावर जाऊ नका, एज्युकेशनल टेक्नॉलॉजी, लर्निंग सायन्सेस अशी बरीच नावं असतात, विषयांची यादी उघडून बघा. शिकण्याचे सिद्धांत, गरजांचं विश्लेषण, मूल्यमापन आणि खऱ्या क्लायंटबरोबर एक तरी प्रोजेक्ट हे नसेल आणि अर्धी यादी सॉफ्टवेअरच्या नावांनी भरलेली असेल तर सोडून द्या. नोकरी सोडायच्या आधी पार्टटाईमचे पर्याय नक्की बघा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एका लर्निंग प्लॅटफॉर्मवर काम करतो. शिकवण्याचा अनुभव शून्य. मला हे झेपेल का?

उत्तर : झेपेल, आणि आमच्या क्षेत्राला तुमच्यासारखे लोक हवेच आहेत. तुम्हाला स्कॉर्म, म्हणजे कोर्सने प्लॅटफॉर्मला माहिती कशी द्यायची ते ठरवणारं स्टँडर्ड, माहीत असेलच, त्याचं २००१ चं १.२ व्हर्जन अजूनही खूप ठिकाणी चालतं, पण ते मुख्यतः सांगतं काय तर कोर्स पूर्ण झाला का, स्कोअर किती, वेळ किती लागला. २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या नव्या स्टँडर्डमुळे कोणी, काय केलं, कशावर केलं हे बरंच बारकाईने नोंदवता येतं. पण यातली कुठली नोंद म्हणजे शिकल्याचा पुरावा, हे स्टँडर्ड ठरवत नाही, माणूस ठरवतो. कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या वेगळ्या मांडल्या होत्या, आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, परिणाम काय झाला, आणि बहुतेक डॅशबोर्ड पहिल्या दोनवरच थांबतात. हे वाचून तुम्हाला अस्वस्थ व्हायला होत असेल तर मास्टर्स तुमच्यासाठीच आहे. फक्त अर्ज करायच्या आधी कोणाला तरी काहीतरी शिकवून बघा, समोर बसून, दोन-तीन महिने तरी.

प्रश्न : अर्जासोबत हा कोर्स का करायचाय ते सांगणारं स्टेटमेंट ऑफ पर्पज द्यावं लागतं, त्यात मला शिकवण्याची आवड आहे असं लिहिलंय, पण ते फारच साधं वाटतंय. काय लिहू?

उत्तर : आवड सगळेच लिहितात. तुम्ही शिकवलेलं एखादं प्रकरण साफ फसलं असेल ते लिहा, का फसलं असं तुम्हाला वाटलं, मग काय बदललं, आणि बदल लागू पडला हे कशावरून कळलं. शेवटचा भाग कच्चा असेल तर तसं सरळ सांगा, तेच शिकायला यायचंय म्हणा. आणि मी व्हिज्युअल लर्नर्ससाठी वेगळं आणि ऐकून शिकणाऱ्यांसाठी वेगळं मटेरियल बनवते असं वाक्य असेल तर काढून टाका, २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या अशा शैलींवरचं संशोधन तपासलं होतं आणि शैलीप्रमाणे वेगळं शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नव्हता, तुमचा अर्ज वाचणाऱ्यांना हे माहीत असणार.