जुन्या वॅगन आरच्या ब्रेकमधून आवाज येतोय, पॅड आणि डिस्क सगळंच बदलावं का? खर्च किती येईल?

२००६ ची गाडी, वर्षानुवर्षं पावसात उघड्यावर उभी, ब्रेक मारला की पुढून किंचाळते आणि गॅरेजवाला म्हणतोय, ‘चारही चाकांचे पॅड बदला, डिस्कपण बदला.’ तुमच्या गाडीला मागं पॅड, म्हणजे डिस्कच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळणारे तुकडे, नसतातच हो. मागं ड्रम आहेत, म्हणजे लोखंडी डबे, त्यात आतून घासणारे लायनर असतात. चारही चाकांचे पॅड सांगणाऱ्यानं एकही चाक खोललेलं नाही, एवढं नक्की.

आवाज कधी येतो ते आधी बघा. सकाळी पहिले चार-पाच ब्रेक खरखर आणि मग गप्प, तर तो रात्रीच्या पावसानं डिस्कवर चढलेला तांबूस गंज. घासून जातो, सोडून द्या. चालताना बारीक कुईंकुईं आणि ब्रेक दाबला की बंद, तर पॅडवरची झीज दाखवणारी पत्री डिस्कला लागायला लागली आहे, पॅड संपत आलेत. दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर गाडी तिथंच उभी करा. घूंऽऽ आवाज वळणावर कमी-जास्त होत असेल तर तो ब्रेकचा नाही, चाकाच्या बेअरिंगचा. कोल्हापूरच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती का? असेल तर आधी बेअरिंगच बघा. ब्रेक न मारताही पत्रा घासतोय असं वाटत असेल तर डिस्कमागचं पत्र्याचं कव्हर गंजून वाकलंय किंवा त्यात खडा अडकलाय. स्क्रू ड्रायव्हरनं कव्हर जरा मागं सारलं की काम झालं.

आता तुमचा आवाज. गंजक्या गाडीत बहुतेकदा पॅड चांगले असतात आणि ते जिथं बसतात ती जागा खराब असते. कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा चिमटा. त्याच्या ब्रॅकेटमध्ये पॅडचे दोन्ही कान, म्हणजे टोकं, ज्या खाचांत बसतात, तिथं स्टीलची पातळ क्लिप असते. तिच्याखाली गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे क्लिप आतून फुगून वर येते आणि पॅडचा कान आवळला जातो. मग पाय काढला तरी पॅड मागं सरत नाही. डिस्कला टेकून राहतो, तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि किंचाळायला लागतो. अशा खाचेत नवे पॅड घातले तर ते आणखीच घट्ट बसतात. मग हातोडीनं ठोकून बसवायचे, आणि थोड्या दिवसांत गिऱ्हाईक परत दारात. पॅड खाचेत बोटानं सरकला पाहिजे. हातोडी काढावी लागली तर साफसफाई झालेली नाही.

तपासायला पाच-दहा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा, मग थांबून हात रिमजवळ धरा, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर पकड तिथंच आहे. मग चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड शेजारीशेजारी ठेवा. बाहेरचा ७ मिमी आणि आतला ३ मिमी असं दिसलं तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत, किंवा पॅड ढकलणारा पिस्टन मागं येत नाही.

क्लिपा काढून वायर ब्रश आणि कानशीनं खाच स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत साफ करा. गंज तेवढा काढा, लोखंड खाऊ नका. क्लिपा नव्याच घाला. ‘ही पत्री नसली तरी चालतंय की’ असं म्हणत ती कचऱ्यात टाकणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, आणि नव्या पॅडनंतर येणारी खडखड त्यांचीच देणगी. पिना बाहेर काढून पुसा, त्यांच्यावरचा रबरी बूट फाटला असेल तर बदला आणि फक्त सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस इथं लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. ‘ग्रीस ते ग्रीसच’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, फुगलेला बूट त्याच्या हातात द्या. पिस्टन मागं ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, रंगावर सांडलं तर रंग जातो.

डिस्क बदलायची की नाही हे मापावर ठरतं. कडेला गंजाची उंच कड असते. व्हर्नियर (जाडी मापायचं साधन) त्या कडेवर टेकला तर जाडी फसवी येते, म्हणून घासलेल्या पट्ट्यात मापा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. त्यापेक्षा पुरेशी जास्त असेल तर उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखाना वस्तीत) लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घ्या, नसेल तर बदला. बसवण्याआधी हबवरचा, म्हणजे डिस्क जिथं बसते तिथला, गंजाचा पापुद्रा काढा, नाहीतर डिस्क किंचित तिरकी बसते आणि पेडल थरथरतं.

मागच्या ड्रमसाठी पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडा. ड्रमवरच्या दोन भोकांत ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीनं आवळत गेलात की ड्रम आपोआप सुटतो. आतली धूळ हवेनं उडवू नका, छातीत जाते.

खर्चाचं म्हणाल तर क्लिपा आणि ग्रीस किरकोळ आहे, खरी मजुरी साफसफाईची. डिस्क मापल्याशिवाय कुणी आकडा सांगितला तर त्याला व्हर्नियर दाखवायला सांगा.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. गाडी वर आहे तोवर खालच्या लोखंडी ब्रेक पाइपवर नख फिरवा. खपल्या निघाल्या, किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर आवाजाचं राहू दे, पाइप आणि व्हील सिलिंडर (ड्रममधले लायनर ढकलणारा भाग) आधी करा. तोवर ती गाडी गगनबावड्याच्या घाटात उतरवू नका.