रेपिनच्या चित्रावरून झापोरोझियन कोसॅकांचे जगणे किती कळते?

कोसॅक म्हटले की घोडेस्वार, मग चित्रकार इल्या रेपिनच्या 'झापोरोझियन कोसॅकांचे सुलतानाला उत्तर' या प्रसिद्ध चित्रात पुढे एकही घोडा का नाही, असे तुम्ही विचारले आहे. प्रसंग छावणीतला आहे म्हणून. शिवाय झापोरोझियन, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या नीपर नदीकाठचे लढवय्ये कोसॅक, घोड्याइतकेच नावेवरही जगत. त्यांची 'चायका' ही नाव पन्नास ते सत्तर माणसे नेई. दोन्ही कडांना लव्हाळ्याचे जाड भारे बांधलेले असत, त्यामुळे पाणी भरले तरी ती तरंगत राही. सुकाणू दोन्ही टोकांना, म्हणजे पळताना नाव वळवायला नको. याच नावांतून ते नीपर नदी उतरून काळ्या समुद्रात तुर्की बंदरांवर छापे घालत.

चित्र पाहताना लेखनिकाच्या पिसाच्या लेखणीपासून सुरुवात करा. तुर्की सुलतान चौथा मेहमेद याने कोसॅकांना शरण येण्यास सांगितले आणि त्याला शिव्यांनी भरलेले उत्तर लिहिले जात आहे. सन १६७६ सांगतात, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी. ते पत्र अस्सल असल्याचा पुरावा मात्र नाही, त्यामुळे प्रसंग दंतकथा समजूनच पाहावा. लेखनिकासाठी नमुना म्हणून रेपिनसमोर बसले होते इतिहासकार द्मित्रो याव्होर्नित्स्की, आणि चिलीम ओढत त्याच्यावर वाकलेल्या कोसॅक सरदार सिर्कोसाठी रशियन सैन्यातले जनरल द्रागोमिरोव.

वस्तूंवर मात्र बराच विश्वास ठेवता येतो. तलवारी, दारूची शिंगे, कपडे रेपिनने संग्रहांतल्या खऱ्या वस्तूंवरून रंगवले. तासलेल्या डोक्यावरची एकच लांब बट नीट बघा. आपल्याकडच्या शेंडीसारखी दिसते, पण ती टाळूच्या पुढच्या भागातून निघून कानाकडे लोंबते. पत्ते हातात असलेला माणूस कमरेपर्यंत उघडा आहे. बाहीत पत्ता लपवता येऊ नये म्हणून सदरा काढायचा, असा त्याचा अर्थ लावतात आणि मला तो पटतो.

सर्वात जास्त गफलत होते ती रेपिनने याच प्रसंगाची दोन चित्रे काढल्यामुळे. मुख्य चित्र १८८० ते १८९१ मधले, सुमारे २ मीटर उंच आणि ३.५८ मीटर रुंद. रशियाचा झार तिसऱ्या अलेक्झांडरने ते ३५,००० रूबलना घेतले आणि आज ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. दुसरे खार्किवच्या कला संग्रहालयाचे, आकाराने लहान, आणि रेपिनने ते इतिहासाला अधिक धरून करायचा प्रयत्न केला होता. पोशाख आणि हत्यारांचा अभ्यास करायचा असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहा, आणि छापील प्रत घेताना ती कोणत्या चित्राची आहे हे आधी तपासा.