मुलीला परदेशात मिशन ट्रिपला पाठवू की नको?

"चर्चच्या तरुण संघाबरोबर मुलगी परदेशात मिशन ट्रिपला जायचं म्हणते, पाठवू का?" मी समुपदेशक आहे, आणि उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती घरांतून. विचारणारी बहुतेक आई असते, तिला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं, आणि मी ते सांगत नाही म्हणून थोडी नाराज पण होते. एका घरची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आई काजूच्या कारखान्यात, मुलगी टीवायला. मे महिन्यात दहा दिवस नेपाळ, रेल्वेने मुंबई, तिथून गोरखपूर, सोनौलीला बॉर्डर ओलांडायची आणि पुढे बसने काठमांडू. माणशी तीस हजार. बाई समोर बसल्या त्याच हात टेबलाखाली घेऊन. काजूच्या टरफलाच्या तेलाने बोटांची टोकं काळी पडतात, कितीही घासा जात नाहीत, ती लपवत होत्या. चहा आला तेव्हा कप धरायला हात वर काढावेच लागले आणि मग बोलणं पण सुरू झालं.

"माका काय समजत नाय ताई. नको म्हटला तर देवाच्या कामाक नको म्हटल्यासारख्या होता."

सगळी गाठ इथेच आहे. कॉलेजची सहल असती तर याच बाईंनी सरांना भंडावून सोडलं असतं, राहणार कुठे, लेडीज टीचर कोण आहे, पोचल्यावर फोन करणार ना. इथे एक प्रश्न विचारला नव्हता, कारण चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायचं म्हणजे आपला विश्वास कमी पडला असं दिसणार आणि मंडळीतल्या, म्हणजे त्याच चर्चच्या, बाकीच्या आया काय म्हणतील. मी स्वतः ख्रिस्ती नाही पण हे मला अजिबात नवीन नाही, आमच्याकडे पण महाराजांच्या शिबिराला मुलं पाठवताना जेवणाचं काय, झोपायचं कुठे हे विचारायला लोक बिचकतात.

मी त्यांना पाठवायचं की नाही हे बाजूला ठेवायला सांगितलं आणि भीती कशाकशाची वाटते ते एकेक बोला म्हटलं. आधी प्रवास आला, मग मुलगे मुली एकत्र, मग आजारी पडली तर. बऱ्याच वेळाने, जरा खाली बघून, पैशाचं आलं. मालकाकडून उचल घेतली होती त्यांनी, मुलीला माहीतच नव्हतं, तिला वाटत होतं आईने साठवलेले. आणि एकदम शेवटी, उठता उठता, "परत येतली ती माझीच असतली मां?"

ही शेवटची भीती खरी मोठी होती, पण तिला लगेच हात घालण्यात अर्थ नव्हता.

पुढच्या वेळी मुलगी आली. हुशार, बोलायला तयार, आणि मी तिला अडवायला बसलेय असं गृहीत धरून आलेली. म्हणाली मला पाचारण आहे, म्हणजे देवाचं बोलावणं. मी म्हटलं ठीक आहे, आणि आणखी काय? तर हसली आणि म्हणाली, मी गोव्याच्या पलीकडे कधी गेलेलीच नाही. दोन्ही कारणं खरी असू शकतात, आणि दुसऱ्याची लाज वाटायचं काही कारण नाही हे तिला सांगितलं. मग तिनेच मुद्दा काढला, आपल्या वेंगुर्ल्यात पण परदेशातून लोक आले म्हणूनच मिशनचा दवाखाना झाला ना. मुद्दा बरोबर होता. अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन इथे राहून लोकांना तपासायचे, त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. पण ती माणसं इथे राहिली गं, संसार केला, पोरं वाढवली. तुम्ही दहा दिवसांत काय करणार आहात, ते मला सांग.

ते तिला सांगता येईना. पत्रकं वाटणार, साक्ष देणार म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल लोकांना सांगणार, एका अनाथाश्रमात मुलांबरोबर दोन दिवस, असं काहीतरी.

इथे मी समुपदेशक म्हणून थोडी बाहेर जाऊन बोलले, कारण काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात. नेपाळमध्ये ऑगस्ट २०१८ पासून जी फौजदारी संहिता लागू आहे तिच्या कलम १५८ प्रमाणे कोणाचं धर्मांतर करणं किंवा त्याला प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून तो आपलाच देश असल्यासारखी पोरं वागतात, पण कायदा त्यांचा चालतो. अनाथाश्रमाचं तर मला जास्तच खटकतं. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात, गरिबीमुळे नाहीतर फसवून आणलेली असतात, पाहुण्यांकडून पैसा येतो म्हणून काही संस्था मुलं गोळा करतात हे नेपाळमध्ये उघडकीला आलेलं आहे, युनिसेफनेही त्यावर इशारा दिलाय. आणि तसं नसलं तरी, ज्या पोराला आधीच कोणीतरी सोडून गेलंय त्याला दोन दिवस कडेवर घेऊन, फोटो काढून तिसऱ्या दिवशी टाटा करायचं, हे त्या पोराच्या मनाला कसं लागत असेल?

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मग मायलेकींनी माझ्यासमोरच एका कागदावर प्रश्न लिहिले, अक्षर मुलीचं आणि अर्धे प्रश्न आईचे. तिथे बोलावणारं चर्च कोणतं, त्यांना आपल्याकडून नक्की काय काम हवंय, मुलींच्या सोबत जबाबदार बाई कोण, मध्येच कोणाला परत यावंसं वाटलं तर सोबत कोण येणार, दवाखान्याचा खर्च कोणाचा, रोज घरी फोन करता येईल ना. आणि हे विचारायला दोघींनी एकत्र जायचं ठरलं.

युथ लीडर आधी थोडा चिडला, "प्रार्थना करा, सगळं होईल" वगैरे. पाळकबाई शांतपणे म्हणाल्या, प्रार्थना करूया आणि उत्तरं पण देऊया. या बाईंबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. तिकडच्या चर्चला फोन लागल्यावर कळलं की त्यांना पत्रकं नकोच होती, उलट त्यांनाच त्याचा त्रास झाला असता, त्यांना हवी होती रंगकामाला आणि छप्पर दुरुस्तीला चार माणसं. अनाथाश्रम गाळला. विमा काढायचा खर्च कोणी करायचा यावर मात्र शेवटपर्यंत टोलवाटोलवी चालली आणि बऱ्याच आयांनी तो स्वतःच भरला.

उचलीचं आईने स्वतःच सांगावं असं मी म्हटलं होतं. तिने सांगितलं, मुलगी रडली, मग जायचंच नाही म्हणाली, मग जाणारच म्हणाली. दोन्ही एकाच संध्याकाळी. 😅

मुलगी गेली आणि नीट आली. आणि खरी गडबड आल्यावर सुरू झाली, ती मी मुद्दाम सांगते कारण याची तयारी कोणीच करत नाही. आईचा फोन, "ती बोलणा नाय, जेवणा नाय, घरात कोणी हसला तरी चिडता." तिकडे शनिवारी उपासना असते, आठवड्याची सुट्टी शनिवारची म्हणून, तर ही इथे पण शनिवारी एकटीच बायबल घेऊन बसायची, आणि कॉलेज सोडून वर्षभरासाठी परत जायचं म्हणायची. आईला वाटलं आपली शेवटची भीतीच खरी झाली.

तसं नसतं. अशा ट्रिपमध्ये दहा दिवस सगळे एकत्र उठतात, गातात, रडतात, प्रत्येक तासाला काहीतरी अर्थ असतो, आणि घरी आल्यावर भांडी घासायची असतात. ती पोकळी मोठी असते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत भरते. आईला सांगितलं, "झाला मां फिरान?" असं म्हणू नको, फोटो मागून बघ, नावं विचार, ऐक. मुलीला सांगितलं, वर्षभर जायचं की नाही ते टीवायचा निकाल लागेपर्यंत ठरवायचं नाही, आणि तोवर तुझ्याच मंडळीत कोणाचं छप्पर गळतंय का बघ. ती थोडी रागावली पण गेली बघायला. महिना दीड महिना झाला तरी झोप, जेवण जागेवर येत नसेल, किंवा मुलं अपराधीपणाने स्वतःला शिक्षा करायला लागली, उपाशी राहणं वगैरे, तर मात्र थांबू नका, दाखवा कोणालातरी.

ही मुलगी सावरली. आता लहान मुलांच्या शिकवण्या घेते आणि उचलीचे पैसे थोडे थोडे आईच्या हातात देते, आई ते घ्यायला तयार नसते, आणि यावरून दर महिन्याला दोघींचं भांडण होतं.